टाकीवरचं नाव

बालाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मधली सुट्टी संपत आली होती, मुली डबे आवरत होत्या, आणि नांदेडहून त्याच्या दुकानाशेजारच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. "अक्का, बालाजीभाऊ गेले वो. दुकानातच. खुर्चीवर बसले अन् उठलेच न्हाईत." हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान, पन्नाशीसुद्धा न गाठलेला. मुख्याध्यापकांना कसंबसं सांगून मी बाहेर आले आणि माझ्या मोटरसायकलला टेकून उभी राहिले. ती गाडी त्यानंच रंगवलेली. टाकीवर हात ठेवून मी रडले, लातूरच्या भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. त्या रडण्यात काही खोटं नव्हतं. आज काही आठवड्यांनी त्याच्याविषयी लिहायला बसले आहे तेव्हा मात्र मनात राग आहे, आणि तोही खोटा नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, घडलं ते सांगणार आहे. मग ज्याला जे वाटायचं ते वाटो.

आमचं गाव चाकूरजवळचं. माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून तारा जोडणं हे त्यांचं काम, आणि खांबांवर रंगानं नंबर लिहिणं हेही त्यांच्याच गळ्यात पडलेलं, कारण बाकीच्यांना ब्रश नीट धरता येत नसे. रविवारी सायकलला रंगाचे डबे अडकवून ते निघाले की मागच्या कॅरिअरवर बालाजी बसलेला असायचा. काकांचं हे पोरगं शाळेत टिकत नव्हतं, पण रंगाच्या डब्याला गुळाला मुंगी चिकटावी तसं चिकटायचं. नंबर लिहून झाले की बाबा वस्तीच्या पहिल्या खांबावर वस्तीचं नावही लिहीत. त्यांची लिहिण्याची तऱ्हा उलटी होती. जगात कुणीही आधी अक्षर काढतं आणि मग डोक्यावरची रेघ ओढतं. बाबा आधी रेघ ओढत, डावीकडून उजवीकडे, श्वास रोखून, एका दमात. "आधी तार वढायची," ते बालाजीला सांगत, "मग अक्षरं टांगायची. तारच नसंल तर दिवा कशाला लटकावतूस?" अनुस्वार आला की म्हणत, "ही बसली बघ तारंवर चिमणी." बालाजी खिदळायचा. मीही खिदळायचे, पण मला ब्रश मिळायचा नाही, कारण फ्रॉकला रंग लागला की आई बाबांना फाडून खायची.

पुढं काकांनी बालाजीला नांदेडला एका पेंटरकडे ठेवलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. दुकानांच्या पाट्या, लग्नाचे मंडप, ट्रकच्या मागची वाघाची तोंडं, सगळं तो तिथंच शिकला. पहिल्या दिवाळीला गावी आला तेव्हा मोठ्या ऐटीत सांगत होता, "मोठे बाबा, उस्ताद म्हणतेत रेघ शेवटी मारायची. अक्षर खालीवर झालं तर रेघ झाकून घेती." बाबा हसले. "झाकायचं असंल तर तसंच कर बाबा," एवढंच म्हणाले. बालाजीचा हात चांगला होता. एवढा चांगला की फ्लेक्स आले आणि निम्म्या पेंटरांनी ब्रश टाकून दिले, तेव्हा हा गडी मोटरसायकलच्या टाक्यांकडे वळला. कुणाला टाकीवर ज्वाळा हव्या, कुणाला घोडा, कुणाला पोराचा चेहरा. जयंत्या आणि लगीनसराईच्या आधी त्याच्या दुकानासमोर उघड्या सांगाड्यांची रांग लागलेली असायची. इस्लापूरपासून मुखेडपर्यंतची पोरं गाड्या घेऊन यायची आणि शिव्या देत परत जायची, कारण बालाजीनं वेळेवर दिलं असं काम कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरात तर म्हणच पडली होती. कशाला उशीर लागणार असला की माझे यजमान म्हणायचे, "होईल की, बालाजीच्या दोन दिवसांत." काम मात्र असं देई की शिव्या देणारा पुढच्या गाडीला पुन्हा त्याच्याकडेच येई.

आता गाडीविषयी सांगायला हवं. मी दहावी पास झाले त्या वर्षी बाबांनी एक जुनी मोटरसायकल घेतली, मैलभर आधी आवाज ऐकू येणारी. गावात ज्याच्याकडे गाडी त्याच्या टाकीवर मुलाचं नाव, नाहीतर देवाचं, नाहीतर आईवडिलांचा आशीर्वाद. बाबांनी टाकी अंगणात गोणपाटावर ठेवली, पांढऱ्या रंगाचा डबा उघडून बालाजीच्या हातात दिला, तार ओढली, तिला दोन अक्षरं टांगली आणि वर चिमणी बसवली. नंदा. म्हणजे मी. शेजारचे तात्या ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, "पोरीचं नाव कुठं गाडीवर असतंय का? उद्या लगीन हून जाईल ती." बाबांनी ब्रश पुसता पुसता उत्तर दिलं, "पोरगी जाईल. नाव कुठं जातंय?"

माझे वडील बोलणारे नव्हते. शाबास म्हणणं, जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं, यातलं त्यांना काही येत नव्हतं. माझ्या पाठवणीच्या वेळीसुद्धा ते मांडवाच्या दिव्यांची जोडणी तपासत बसले होते. त्यांना माझ्याविषयी जे काही म्हणायचं होतं ते सगळं त्या टाकीवर होतं, आणि सगळ्या तालुक्यात ते फिरत होतं. पुढं जुने लोखंडी खांब गेले, सिमेंटचे आले, रंगवलेल्या नंबरांच्या जागी छापील पट्ट्या आल्या. बाबाही गेले. त्यांच्या ब्रशचं एवढं एकच काम उरलं, आणि ते माझ्या वाट्याला आलं. गाडी मी लातूरला आणली आणि तिच्यावर शाळेत जाऊ लागले. साडी नेसलेली बाई असली गाडी चालवते म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघायचे. मग त्यांची नजर टाकीवर जायची आणि कुणी ना कुणी विचारायचंच. "बाबांनी लिहिलंय," मी सांगायचे, आणि सांगताना मान आपोआप ताठ व्हायची.

दोन-अडीच वर्षांपूर्वी टाकीला गंज धरू लागला. नावाच्या भोवतीचा रंग फुगून पापुद्रे निघायला लागले. आणखी एक पावसाळा काढला तर नावही जाईल, हे दिसत होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती ती टाकी देण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. गुढीपाडवा झाल्यावर टेम्पोत घालून गाडी नांदेडला नेली. बालाजीनं टाकीवरून हात फिरवला आणि फुगलेला रंग नखानं दाबून पाहिला. मग म्हणाला, "मोरपंखी मारू अक्का. उन्हात निळा दिसंल, सावलीत हिरवा."

"काहीही मार. नावाला हात लावायचा नाही."

"मला सांगून राहिलीस? ह्या नावाच्या येळंला डबा कुणी धरला व्हता? नावावर टेप मारतो, तेवढा तुकडा तसाच ठिवतो, वरून बिनरंगाच्या क्लिअरचे हात देतो. काचंखाली ठिवल्यावानी ऱ्हाईल बघ." आणि गळ्याला हात लावून म्हणाला, "मोठ्या बाबाची आण."

आण घातल्यावर मी आणखी काय विचारणार? सुनीतानं, त्याच्या बायकोनं, पिठलं-भाकरी केली होती. आम्ही तिघांनी बसून खाल्लं, बाबांच्या गोष्टी निघाल्या. महिन्याभरात गाडी देतो म्हणाला. मी मनात तीन महिने धरले आणि हसत एसटीत बसले.

पुढचं सगळं ज्यांनी कधी गाडी रंगवायला दिली आहे त्यांना ठाऊक असेल. आधी रंग आला नाही, तो हैदराबादहून येणार होता. मग रंग आला तर रंग फवारायच्या गनचं तोंड बिघडलं. मग लगीनसराई. मग उन्हाळा, उन्हात रंग उकळतो म्हणे. मग पावसाळा, ओल्या हवेत क्लिअरवर दुधाळ झाक येते म्हणे. मग गणपती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. फोन केला की, "करून राहिलो अक्का, दोन दिवस." ठरलेल्या रकमेतली अर्धी मी आधीच दिली होती. मध्येच हैदराबादच्या रंगाचे जास्तीचे मागितले, दिले. क्लिअर भारीतला घ्यावा लागतो म्हणाला, त्याचेही दिले. श्रावणात फोन आला तेव्हा त्याचा आवाज बारीक होता. "अक्का, नाव वाचवायचं काम लई नाजूक निघालं. रोज थोडं थोडंच करता येतंय. त्याचे येगळे लागतील." मी म्हणाले, "लागू देत. घाई करू नकोस, पण नाव सांभाळ." यजमान शेजारीच होते, त्यांनी कपाळाला हात लावला. मी त्यांना म्हणाले, बाकी कशात फसवेल तो, ह्यात नाही फसवणार.

मध्ये दोनदा मी न सांगता नांदेडला जाऊन थडकले. गाडीचा सांगाडा भिंतीला उभा होता, चाकं एकीकडे, सीट एकीकडे. टाकी काही दिसली नाही. "आत हाय," तो म्हणायचा, "धुळीत भाईर काढता येत न्हाई." आतल्या खोलीला कडी. दुसऱ्या खेपेला मात्र माझा तोल गेला. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला वाट्टेल ते बोलले. लाज आहे का, बहिणीलासुद्धा गिऱ्हाईकच केलंस, असं सगळं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. एरवी त्याच्या जिभेला हाड नव्हतं, एकाला दोन ऐकवणारा माणूस. मला वाटलं, शरमला असेल. जाताना त्यानंच मला स्टँडवर सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. काहीतरी सांगायचं असल्यासारखा. बस हलली तेव्हा म्हणाला, "दसऱ्याला नक्की आणतो."

आणि खरोखर दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो दारात आला. गाडीवरची चादर त्यानं काढली आणि आमची गल्ली गोळा झाली. मोरपंखी रंग, उन्हात निळा, सावलीत हिरवा, जसा म्हणाला होता तसाच. आणि मधोमध, काचेखाली ठेवल्यासारखं, पांढरं शुभ्र नाव. मी गुडघ्यावर बसले, टाकीला मिठी मारली आणि रडले. "थोडं ठळक दिसतंय रे," मी म्हणाले. तो म्हणाला, "मळ निघाला ना." मी उरलेले पैसे दिले, वर नाव वाचवल्याचे म्हणून आणखी काही त्याच्या खिशात कोंबले. तो आधी नको नको म्हणाला, मग घेतले. जेवायला थांबला नाही. पुरणपोळी तव्यावर होती, तरी टेम्पोवाल्याचं निमित्त सांगून निघाला. मी दुसऱ्या दिवशी नावाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी त्याचा फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं की हमखास विचारायचा, "नाव कसं हाय अक्का?" जसं काही घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी. "उन्हात उभी करू नको. पेट्रोल सांडलं तर लगीच पुस." मी यजमानांना सांगायचे, बघा, किती जीव आहे त्याचा बाबांवर. आणि रस्त्यात कुणी विचारलं की मी आधीसारखीच सांगायचे, "बाबांनी लिहिलंय."

बालाजीचा दहावा गोदावरीच्या घाटावर झाला. त्या गर्दीत सुनीताशी काही बोलता आलं नाही, म्हणून आणखी थोड्या दिवसांनी मी मुद्दाम गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. अर्धवट राहिलेल्या टाक्या लोक येऊन घेऊन जात होते. कुणी घोड्याचं नुसतं तोंड रंगवलेली टाकी नेली, कुणी प्रायमर मारलेली. सुनीता एकेक उचलून देत होती. सगळे गेल्यावर ती रिकाम्या फळ्यांकडे बघत म्हणाली, "त्यांच्या हातचं घरात काईच न्हाई ऱ्हायलं अक्का. आयुष्यभर लोकायच्या टाक्या रंगवल्या, घराला साधी पाटी लावली न्हाई. तुमचं नाव तेवढं... किती जीव काढला त्यांनी त्याच्यासाठी."

"कोणतं नाव?" मी विचारलं.

"टाकीवरचं वो. पहिल्याच दिशी रंग काढायचं रिमूव्हर टेपच्या खाली गेलं. टेप काढली तर सगळं नाव टेपसंगंच उकलून आलं. त्या दिशी जेवले न्हाईत. म्हणले, अक्काला मी सांगतो. मग आतल्या खोलीत जुन्या पत्र्यावर लिहीत बसायचे. लिहायचे अन् थिनरनं पुसायचे, लिहायचे अन् पुसायचे. म्हणायचे, मोठ्या बाबाचा हात येईना. त्या टिंबासाठी तर..." बोलता बोलता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "सांगितलं व्हतं ना तुमाला?"

समोर पांढऱ्या कपाळाची बाई. तिच्या नवऱ्याचं तिला जेवढं उरलं होतं तेवढं ती मला कौतुकानं सांगत होती. "सांगितलं होतं की," मी म्हणाले. जिवंतपणी त्यानं माझ्याशी खोटं बोलून घेतलं आणि मेल्यावर ते खोटं चालवायचं काम माझ्या मागं लावून गेला. तिनं दिलेला चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात मी टाकीजवळ बसले. दोन वर्षं रोज बघत होते, पण पहिल्यांदाच नीट पाहिलं. वाकडं करून, उन्हाच्या तिरिपीत. अक्षरांच्या डोक्यांवरून रेघ गेलेली होती. बाबांची रेघ अक्षरांच्या रंगाखाली असायची आणि अक्षरं तिच्यावर चढलेली असायची, कारण तार आधी. इथं आधी अक्षरं लिहून नंतर वरून रेघ मारलेली होती. वळण हुबेहूब आणलं होतं त्यानं, अक्षरांचा तिरपेपणा, 'द'चं पोट, सगळं. पण ऐनवेळी हात उस्तादांच्या सवयीनं चालला. बाबांच्या मागं सायकलवर बसून जे शिकला तेवढं नेमकं विसरला.

मला केसानं गळा कापल्यासारखं झालं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ना, तसं. हळदकुंकू कशाला वाहिलं मी? कुणाकुणाला सांगितलं, बाबांनी लिहिलंय म्हणून? शाळेतल्या पोरींना, पंपावरच्या माणसाला, रस्त्यातल्या अनोळख्यांना. जे नाव पहिल्याच दिवशी गेलं होतं ते वाचवायचे म्हणून ह्यानं माझ्याकडून वेगळे पैसे घेतले. घेतले ते घेतले, पण ते मागताना त्याला बाबांचा चेहरा आठवला नाही का? आण घातली होती ना बाबांची! यजमान समजूत घालायला आले, म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते. चुकीचं मला काही नाही हो, मी म्हणाले. रिमूव्हर आहे, टेपखाली जाणारच. चूक एका क्षणाची होती. त्यानंतर रोज सकाळी उठून त्यानं मला न सांगायचं ठरवलं, त्याचा हा राग आहे.

आणि खरं सांगू? त्याहून मोठा राग वेगळाच आहे. त्यानं त्याच दिवशी फोन केला असता तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण कधीतरी, कुणाच्या तरी लग्नात नाहीतर बाबांच्या तिथीला, आम्ही समोरासमोर बसलो असतो आणि दोघं मिळून रडलो असतो. ते नाव काय होतं हे कळणारी ह्या जगात आम्ही दोनच माणसं होतो. आईसुद्धा केव्हाच गेली. डबा त्यानं धरला होता आणि नाव माझं होतं. माझ्या बाबांचं शेवटचं अक्षर गेलं त्या दिवशी तो एकटा उपाशी राहिला, एकटा रडला असेल, आणि मला लातूरला खुळ्यासारखी हसत ठेवलं. जे दुःख माझं होतं ते त्यानं मला दिलंच नाही. त्याच्या मरणाचं रडताना मी ज्या टाकीवर हात ठेवला होता तिच्यावरही माझ्या बाबांचं काही नव्हतं... आता कुणाशी भांडू? फोटोशी?

टाकी घासून टाकायचं मी ठरवलं. लातूरमधल्या एका रंगारी पोराशी बोलले, तोवर वापरायला भंगारबाजारातून एक काळी, साधी टाकी आणून गाडीला बसवून घेतली. मोरपंखी टाकी पोत्यात घालून दारामागं ठेवली. ती उद्या न्यायची, परवा न्यायची, असं चाललं होतं तेवढ्यात सुनीताचा फोन आला. आधी मुलांच्या शाळेचं बोलली. मग अडखळत म्हणाली, "अक्का, एक मागू का? राग मानू नका. कधी तुम्ही ती टाकी बदलली तर... मला ठिवायला द्याल का? घरात त्यांच्या हातचं काई असावं म्हणून म्हणले."

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की नाव माझं आहे बाई, तुझं नाही. पण माझं तरी त्यात काय उरलं होतं? माझ्या दृष्टीनं ती टाकी खोटी होती आणि तिच्या दृष्टीनं खरी. रविवारी पोतं मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पेट्रोल न्हाई ना त्येच्यात?" चाकूर आलं, गेलं. सिमेंटच्या खांबांवरच्या छापील पट्ट्या खिडकीतून मागं पळत होत्या. अहमदपूर, लोहा... मी घट्ट ठरवून बसले होते की टाकी द्यायची, माफी द्यायची नाही. अजूनही दिलेली नाही. लोक म्हणतात, मेल्यावर काय धरून ठेवायचं. पण तो जिवंत असता तर भांडून मोकळी तरी झाले असते.

सुनीतानं त्याच्या फोटोखालच्या स्टुलावर स्वच्छ कापड घातलं, त्यावर टाकी ठेवली आणि पदरानं दोनदा पुसली. खिडकीतलं ऊन नावावर पडलं. शेजारची बाई दारातून डोकावली, आत आली, टाकीकडे बघून म्हणाली, "लई झ्याक रंग हाय. नंदा कोण?"

"ह्या काय, त्यांची थोरली बहीण," सुनीता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मग मान जराशी ताठ करून, कुणी काही विचारायच्या आत, तिनं पुढचं सांगितलं, "ह्यांच्या वडलांनी लिहिलेलं पुसलं वो त्यांच्या हातून. मग त्यांनी सोता लिहिलं."

एवढंच वाक्य मला हवं होतं रे बालाजी. तुझ्या तोंडून.